यासुजिरो ओझूची चौकट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी दिग्दर्शक ओझूचा चित्रपट पहिल्यांदा बघणाऱ्यांचे प्रश्न जवळपास ठरलेले असतात. कॅमेरा असा जमिनीवर का ठेवलाय? मधेच हे वाळत घातलेले कपडे कुठून आले? ही बाई माझ्याकडे बघून का बोलतेय? रसास्वाद वर्गात, फिल्म सोसायटीच्या खेळानंतर चहा घेताना हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

ओझू म्हटलं की 'साधेपणा', 'शांतता', 'जपानी मन' वगैरे शब्दांची माळ लगेच सुरू होते. माझ्या मते या शब्दांनी त्याचं नुकसानच केलंय. ओझू काटेकोर आहे, हट्टी आहे आणि भरपूर खट्याळ आहे. पडद्यावर बाटली कुठे ठेवली आहे हे बघायला लागलात की तो हळूहळू उलगडतो. खालची उत्तरं त्याच अंगाने आहेत.

ओझू कोण, हे आधी थोडक्यात सांगाल का?

जन्म टोकियोत, १२ डिसेंबर १९०३. मृत्यू बरोबर साठाव्या वाढदिवशी, १२ डिसेंबर १९६३. १९२३ साली शोचिकु या कंपनीच्या स्टुडिओत तो कॅमेरा विभागात मदतनीस म्हणून लागला आणि १९२७ मध्ये दिग्दर्शक झाला. तो पहिला चित्रपट आज उपलब्ध नाही. मूकपटांच्या काळातलं त्याचं बरंच काम असंच गेलं. एकूण पन्नासहून अधिक चित्रपट, त्यातले बहुतेक सगळे शोचिकुसाठी. स्वतः लग्न केलं नाही, आईबरोबर राहिला आणि उत्तरायुष्यात मुलींची लग्नं जुळवणाऱ्या बापांच्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगत बसला.

तरुणपणी तो हॉलिवूडचा पक्का भक्त होता. दिग्दर्शक लुबिच आणि विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड त्याचे आवडते. त्याच्या सुरुवातीच्या चित्रपटांत खोल्यांच्या भिंतींवर अमेरिकन चित्रपटांची पोस्टरं लावलेली दिसतात. 'अस्सल जपानी' म्हणून ज्याचा गौरव होतो, तो मुळात असा घडला, हे ध्यानात असू द्या.

त्याचा भारताशी काही संबंध आला होता का?

आला होता, आणि विलक्षण आला होता. १९४३ साली जपानी लष्कराने त्याला सिंगापूरला पाठवलं ते भारतीय स्वातंत्र्यलढ्यावर, म्हणजे सुभाषबाबूंच्या चळवळीवर, प्रचारपट करायला. तो चित्रपट पूर्ण झालाच नाही. मात्र तिथे जप्त केलेल्या अमेरिकन चित्रपटांचा साठा त्याच्या हाती लागला आणि त्याने ते मनसोक्त बघून घेतले, ऑर्सन वेल्सचा 'सिटिझन केन'सुद्धा. खोल फोकस (जवळचं आणि लांबचं सारखंच स्पष्ट), छताला भिडणारा कॅमेरा, सगळं बघितलं. आणि परत येऊन नेमकं त्याच्या उलट दिशेला गेला.

कॅमेरा इतका खाली का असतो?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त चुकीची उत्तरंही याचीच मिळतात. नेहमीचं उत्तर असं: जपानी माणूस तातामीवर, म्हणजे चटईवर बसतो, म्हणून ओझूने कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला. आपल्याला हे लगेच पटतं, कारण पाटावर बसून जेवलेली पिढी अजून आपल्या घरात आहे.

पण हे उत्तर मापायला घेतलं की टिकत नाही. ओझूचा कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्याही बराच खाली असतो. आणि खरी गंमत पुढे आहे. ऑफिसात, रस्त्यावर, बारमध्ये, जिथे माणसं उभी आहेत किंवा खुर्चीवर बसली आहेत, तिथेही तो खालीच असतो. चटईवर बसलेला पाहुणा ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये काय करतोय? अमेरिकन अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात हे नीट मांडलं आहे: कॅमेऱ्याची उंची समोरच्या विषयाच्या प्रमाणात बदलते, मात्र ती नेहमी त्याच्या मध्याच्या खाली राहते. म्हणजे ही कोणाची 'नजर' नव्हे. ही रचनेची अट आहे.

या अटीतून काय मिळतं ते बघा. कॅमेरा खाली असला तरी वर मान करून बघत नाही, तो जवळजवळ सरळ समोर बघतो. त्यामुळे माणसं राक्षसासारखी उंच दिसत नाहीत आणि उभ्या रेषा उभ्याच राहतात. बुटक्या टेबलाची वरची बाजू मिटून फक्त कड उरते, आणि त्या कडेवर साकेची, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूची सुरई, पेले, राखदाणी एका ओळीत, एखाद्या फळीवर मांडल्यासारखी दिसतात. जमिनीचा पसारा दिसेनासा होतो. सरकत्या दारांच्या चौकटी एकामागे एक उभ्या राहतात, आणि सगळ्यात मागच्या चौकटीतून कोणीतरी डावीकडून उजवीकडे निघून जातं.

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून युहारू आत्सुता त्याचा मुख्य कॅमेरामन होता. वर्षानुवर्षं त्याने पोटावर पडून काम केलं. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सच्या 'टोकियो-गा' (१९८५) या माहितीपटात म्हातारा आत्सुता तो बुटका स्टँड कसा लावायचा हे स्वतः करून दाखवतो. तो प्रसंग जरूर बघा.

एकच लेन्स वापरायचा हे खरं आहे का?

हो, उत्तरकाळात जवळजवळ सगळं काही ५० मिमी लेन्सवर. वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सने खोली ताणली जाते; टेलीने, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने चपटी होते. ५० मिमीने चेहरा आहे तसा राहतो आणि मागची दारंखिडक्या फार लांब पळत नाहीत. लेन्स बदलायची नाही म्हटल्यावर चौकट बदलायला उरतात दोनच मार्ग, कॅमेरा हलवा नाहीतर सामान हलवा. ओझूला दुसरा मार्ग जास्त आवडायचा.

कॅमेरा अजिबात हलतच नाही का?

शेवटच्या सहा चित्रपटांत, म्हणजे सगळ्या रंगीत चित्रपटांत, नाही. त्याआधी हलतो, आणि सुरुवातीला तर खूपच. 'आय वॉज बॉर्न, बट...' (१९३२) या मूकपटात ऑफिसातल्या टेबलांच्या रांगेवरून कॅमेरा सरकत जातो आणि एकेक कारकून जांभई देतो. एकजण द्यायची विसरतो. कॅमेरा मागे येतो, त्याच्यापाशी थांबतो, तो जांभई देतो, मग कॅमेरा पुढे जातो! कॅमेऱ्याच्या हालचालीवर स्वतः दिग्दर्शकानेच केलेला हा विनोद आहे.

पुढे हालचाली कमी होत गेल्या आणि त्यामुळे उरलेल्यांना वजन आलं. 'टोकियो स्टोरी'त (१९५३) उएनो भागात रस्त्याकडेला बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्यापर्यंत कॅमेरा भिंतीच्या कडेने हळूच सरकत जातो. दोन तासांहून मोठ्या चित्रपटात अशी हालचाल जवळपास नाहीच, त्यामुळे कॅमेरा सरकताक्षणी पोटात काहीतरी हलतं. 'अर्ली समर'मध्ये (१९५१) नणंद-भावजय वाळूच्या टेकाडावरून चालत जातात तेव्हा क्रेन वापरली आहे, त्याच्या अख्ख्या कारकिर्दीतली एकमेव. कारणही ओझूच्या स्वभावाला साजेसं: त्या चढत असताना चौकटीतली त्यांची जागा बिघडू नये.

मधेच चिमण्या, वाळत घातलेले कपडे, रिकामे बोळ का दाखवतो?

दोन प्रसंगांच्या मध्ये येणाऱ्या या निर्मनुष्य शॉट्सवर कागदच्या कागद लिहिले गेलेत. चित्रपट-अभ्यासक नोएल बर्च यांनी त्यांना 'पिलो शॉट' असं नाव दिलं आणि ते रुळलं. नेहमीच्या चित्रपटात नवा प्रसंग सुरू होण्याआधी इमारत बाहेरून दाखवतात, मग पाटी, मग आतली खोली. ओझू हेच करतो असं भासवतो आणि वाट चुकवतो. कारखान्याची धुरांडी दिसतात. मग कळतं की प्रसंग कारखान्यात नाही, जवळच्या घरात आहे. बारच्या गल्लीतल्या पाट्या दिसतात, आपण आता बारमध्ये जाणार असं धरून चालतो, आणि कधी जातो, कधी जात नाही.

यातली साखळी बघण्यासारखी असते. पहिल्या शॉटमधली एखादी वस्तू दुसऱ्या शॉटच्या कोपऱ्यात असते, दुसऱ्यातली तिसऱ्यात. 'फ्लोटिंग वीड्स'ची (१९५९) सुरुवात आठवा. लांबवर पांढरं दीपगृह आणि अगदी पुढे वाळूत उभी असलेली काळपट बाटली. दोघांची उंची पडद्यावर जवळपास सारखी. बाटली आणि दीपगृह शेजारी शेजारी, जणू भावंडं. नंतरच्या शॉट्समध्ये तेच दीपगृह होड्यांमधून, खांबाआडून, वेगवेगळ्या आकारात डोकावत राहतं. गोष्टीसाठी याची काही गरज नाही. गोष्ट सुरू व्हायच्या आधी ओझूने आपल्याला बघायला शिकवलं, एवढंच.

डिझॉल्व्ह (एक चित्र दुसऱ्यात विरघळणं), फेड (चित्र काळोखात विरणं) वगैरे त्याने कधीच सोडून दिले होते. तेव्हा एका प्रसंगातून दुसऱ्यात न्यायचं काम या शॉट्सवरच येऊन पडलं. वेळ गेला हे सांगायला त्याच्याकडे दोरीवरचे कपडेच उरले, असं म्हणा हवं तर.

'लेट स्प्रिंग'मधल्या त्या फुलदाणीचा अर्थ काय?

१९४९ चा चित्रपट. क्योतोतल्या मुक्कामाच्या जागी बाप आणि मुलगी झोपायला पडलेत. मुलगी नोरिको म्हणजे सेत्सुको हारा, बाप म्हणजे चिशू र्यू. ती बोलत असते, बापाचा डोळा लागलेला असतो. तिच्या चेहऱ्यावर मंद हसू आहे. कट. खोलीच्या कोपऱ्यात फुलदाणी, मागे कागदी पडद्यावर झाडाची सावली. काही सेकंद. कट. पुन्हा नोरिको, आता तिचे डोळे भरून यायच्या बेतात. पुन्हा फुलदाणी, या वेळी थोडी जास्त वेळ.

अमेरिकन लेखक-दिग्दर्शक पॉल श्रेडर यांनी १९७२ मध्ये या फुलदाणीला जवळजवळ अध्यात्माच्या पातळीवर नेलं. पुढे देल्यूझसारख्या तत्त्वज्ञाने तिच्यात शुद्ध काळ पाहिला. चित्रपट-अभ्यासक क्रिस्टिन थॉम्पसन यांचं म्हणणं याच्या अगदी विरुद्ध: फुलदाणीच्या जागी दुसरं काही असतं तरी चाललं असतं.

मला थॉम्पसन यांची बाजू जास्त पटते, पण एक भर घालून. शॉटमध्ये फुलदाणीइतकीच मागची सावलीही आहे, आणि ती बारीक हलते आहे. महत्त्वाचं हे की हसू पुसलं जाऊन डोळे भरायला लागले तो क्षण आपल्याला दाखवलेलाच नाही. चेहरा बदलत होता तेव्हा आपल्याला दुसरीकडे बघायला लावलं. दुसरा कोणताही दिग्दर्शक त्या क्षणी सेत्सुको हाराच्या चेहऱ्यावरून कॅमेरा हटवायला तयार झाला नसता.

पात्रं थेट माझ्याकडे बघून बोलतात असं का वाटतं?

कारण ती जवळजवळ तुमच्याकडेच बघत असतात. चित्रपटाच्या व्याकरणात एक नियम पहिल्या आठवड्यातच शिकवतात: दोन माणसं बोलत असतील तर त्यांच्यामध्ये एक काल्पनिक रेषा धरायची आणि कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा. मग एक माणूस उजवीकडे बघतो, दुसरा डावीकडे, आणि ते एकमेकांकडे बघताहेत असं वाटतं. ओझू ही रेषा सर्रास ओलांडतो. कॅमेरा दोघांच्या मधल्या जागेत येतो, आधी एकाला समोरून घेतो, मग जवळजवळ मागे वळून दुसऱ्याला. दोघंही पडद्यावर एकाच दिशेला, लेन्सच्या किंचित बाजूला बघतात.

संकलक हामामुरा यांचा किस्सा प्रसिद्ध आहे. नियम मोडतोय म्हणून त्यांनी हरकत घेतली, तेव्हा ओझूने एक प्रसंग दोन्ही पद्धतींनी करून बघितला, आणि बघून झाल्यावर निकाल दिला की काहीच फरक पडत नाही. पुढे तो आपल्याच पद्धतीने करत राहिला.

फरक पडतो, अर्थात; आणि तो त्यालाही माहीत होता असं मला वाटतं. दोन शॉट्समध्ये दोन वेगळी माणसं चौकटीत त्याच जागी, त्याच आकारात, त्याच झुकावात बसलेली असतात. कट झाला की चेहरा बदलतो, डोळ्याला मात्र जागा बदलावी लागत नाही. नवरा आणि बायको, बाप आणि मुलगी, एकमेकांच्या साच्यात बसवल्यासारखे दिसतात. एकदा हे लक्षात आलं की साधं संभाषणही यमक जुळवल्यासारखं ऐकू येतं.

पेले, बाटल्या जागा बदलतात. ती कंटिन्युइटीची चूक आहे का?

नाही! आणि पकडलंत याबद्दल शाबासकी. नेहमीच्या सेटवर एका शॉटमध्ये पेला जिथे होता तिथेच पुढच्या शॉटमध्ये असावा यासाठी स्वतंत्र माणूस नेमलेला असतो. ओझू प्रत्येक नव्या कॅमेरा-जागेसाठी टेबल पुन्हा मांडायचा. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून तो सहायकांना सांगत राहायचा: ती बाटली किंचित उजवीकडे, पेला थोडा मागे. सेंटिमीटरच्या हिशेबात. खोलीशी इमान राखण्यापेक्षा त्याला चौकटीशी इमान राखायचं होतं.

जेवणाचा किंवा पिण्याचा कुठलाही प्रसंग घ्या आणि आवाज बंद करून बघा. बिअरच्या बाटलीचं लेबल आपल्याकडे तोंड करून. दोन पात्रांच्या पुढ्यातल्या पेयाची पातळी कटागणिक एकमेकांशी जुळणारी. डाव्या कोपऱ्यात एक लाल ठिपका, आणि पुढच्या शॉटमध्ये तोच लाल ठिपका उजवीकडे, फक्त वस्तू वेगळी.

लाल किटली, लाल किटली म्हणतात ती काय भानगड आहे?

'इक्विनॉक्स फ्लॉवर' (१९५८), ओझूचा पहिला रंगीत चित्रपट. बोलपटाकडेही तो उशिराच वळला होता, पहिला कथा-बोलपट १९३६ चा, आणि रंगाच्या बाबतीतही त्याला घाई नव्हती. या चित्रपटासाठी दाइएइ कंपनीकडून फुजिको यामामोतो ही मोठी तारका उसनी आणली होती, ती रंगात दिसायला हवी असा शोचिकुचा आग्रह. मग ओझूने फिल्म निवडली ती जर्मन आग्फा, कारण तिच्यावर लाल रंग त्याला हवा तसा उतरायचा.

आणि मग त्या लालचं करायचं काय, तर घरात जमिनीवर एक लाल किटली ठेवून दिली. कोणी तिच्यातून फारसं काही ओतत नाही. ती फक्त असते. या शॉटमध्ये टेबलाच्या अलीकडे, त्या शॉटमध्ये पलीकडे, कधी एकदम कडेला. घरात मुलीच्या लग्नावरून तणातणी चाललेली, आणि ही आपली जागा बदलत फिरतेय. पहिल्यांदा बघाल तेव्हा गोष्ट बघा, दुसऱ्यांदा फक्त किटली बघा. करमणूक दोन्ही वेळा सारखीच होते.

पुढच्या चित्रपटांत हे रंगाचे ठिपके सगळीकडे पसरले. सेटवर लटकवलेली चित्रं, ठेवलेली भांडी कित्येकदा खरी, मौल्यवान असायची, आणून मांडलेली. नकली वस्तूने काय बिघडलं असतं? प्रेक्षकाला कळलं नसतं. ओझूला कळलं असतं.

सुरुवातीच्या श्रेयनामावलीमागे ते गोणपाट कशाला?

त्याची आवड. बोलपट सुरू झाल्यापासून बहुतेक चित्रपटांत नावं जाडसर विणीच्या तागाच्या कापडावर येतात. चित्रपट कुठलाही असो, कापड तेच. थिएटरात दिवे मालवले आणि ते गोणपाट दिसलं की प्रेक्षकाला कोणाचा चित्रपट आहे हे नाव वाचायच्या आधी कळायचं.

अभिनय इतका थंड का?

थंड नाही, मोजून दिलेला आहे. चहात चमचा किती वेळा फिरवायचा, मग कुठे बघायचं, मग वाक्य कधी, हे ओझू नटांना सांगायचा आणि मनासारखं होईपर्यंत एकेक शॉट कितीही वेळा घ्यायला लावायचा. हातात स्टॉपवॉच. चिशू र्यूने हे सगळं वर्षानुवर्षं निमूटपणे केलं. पण 'लेट स्प्रिंग'च्या शेवटी, मुलीचं लग्न लावून बाप घरी येतो आणि फळ सोलत बसतो, तिथे ओझूने त्याला हंबरडा फोडायला सांगितलं होतं. र्यू म्हणाला, मला ते जमणार नाही. ओझूने ऐकलं. आज पडद्यावर फक्त साल गळून पडते आणि मान खाली जाते. ओझूचा संयम म्हणून जो शॉट वाखाणला जातो, त्यात नटाचा वाटा किती मोठा आहे बघा.

लग्नावर चित्रपट, आणि लग्नच दाखवत नाही?

बरोबर. 'लेट स्प्रिंग'मध्ये नवरदेव एकदाही दिसत नाही. नवरी सजून बसलेली दिसते, बाप तिला बघतो, सगळे खाली जातात, रिकामी खोली आणि आरसा उरतो. पुढच्या शॉटमध्ये लग्न उरकलेलं. महत्त्वाचं ते वगळायचं आणि त्याच्या आजूबाजूचं दाखवायचं, ही त्याची रीत चौकटीच्या आतही चालते. शिगेहिको हासुमी या जपानी समीक्षकाने एक फार बारीक गोष्ट टिपली आहे. ओझूच्या घरांना वरचा मजला असतो, मुली वर जातात-येतात, जिना मात्र आपल्याला सहसा दिसत नाही. शेवटच्या 'ॲन ऑटम आफ्टरनून'मध्ये (१९६२) मुलगी सासरी गेल्यावर तो जिना अंधारात समोरून दिसतो, जेव्हा वर जायला कोणी उरलेलं नाही.

हे सगळं झेन आहे असं वाचलं. खरं का?

त्याच्या थडग्यावर, किता-कामाकुरातल्या एंगाकु-जी या झेन मंदिरात, शून्यत्व सुचवणारं एकच अक्षर कोरलेलं आहे, हे खरं. त्या अक्षरावरून मागे जाऊन सगळ्या चित्रपटांना झेनचा मुलामा देणं मला सोयीचं वाटतं, खरं नाही. 'गुड मॉर्निंग' (१९५९) बघा: टीव्ही हवा म्हणून दोन पोरं बोलणंच बंद करतात, आणि सगळ्या आळीतली मुलं पादण्याची स्पर्धा लावतात. चित्रपटाचा शेवट दोरीवर वाळणाऱ्या चड्ड्यांवर होतो. तोच तो पवित्र मानला गेलेला पिलो शॉट! आपल्याच शैलीची टर उडवणाऱ्या माणसाला समाधी लावून बसवू नये.

जपानमध्येही त्याचे समकालीन त्याच्यासारखे चित्रपट काढत नव्हते. मिझोगुची लांबलचक, सरकते शॉट्स घेत होता, कुरोसावा पाऊस आणि धावपळ. 'जपानी शैली' म्हणावी तर ती तिघांपैकी कोणाची? बाहेरच्यांना हे कळायचं नाही असं मानून शोचिकुने ओझूचे चित्रपट परदेशात पाठवायला बराच उशीर केला. 'टोकियो स्टोरी'ला लंडनमध्ये सदरलँड ट्रॉफी मिळाली ती १९५८ साली, पाच वर्षांनी. २०१२ मध्ये 'साइट अँड साउंड' मासिकाच्या दिग्दर्शकांच्या कौलात तोच चित्रपट पहिला आला.

सगळे चित्रपट सारखेच का वाटतात?

कारण सारखेच आहेत. नटही तेच, नावंही तीच, हिरायामा आणि नोरिको. पटकथाही बहुतेक वेळा कोगो नोदाबरोबर, दोघांनी एखाद्या मुक्कामी बसून, साके पीत लिहिलेल्या. गोष्ट स्थिर ठेवली की चौकटीतला छोटा बदल मोठा दिसतो. पण एक अपवाद चाखून बघा: 'फ्लोटिंग वीड्स' त्याने दाइएइ कंपनीसाठी केला, आत्सुताऐवजी काझुओ मियागावाला घेऊन. भर पावसात रस्त्याच्या दोन बाजूंना, दोन वळचणींखाली उभे राहून नटकंपनीचा मालक आणि त्याची बाई एकमेकांना वाट्टेल ते बोलतात, मध्ये पाण्याची भिंत. एरवी चहाच्या टेबलावर होणारं भांडण इथे पाऊस मध्ये घालून केलंय.

कंटाळा आला तर?

येऊ द्या. थोडा वेळ गोष्टीचा नाद सोडा आणि एखादी वस्तू धरून ठेवा. तरीही नाहीच जमलं तर दुसरा चित्रपट लावा. ओझू न आवडणं हा गुन्हा नाही.

कुठून सुरुवात करू? आणि मोबाइलवर बघितलं तर चालेल का?

बहुतेकजण 'टोकियो स्टोरी'पासून करतात. मी 'गुड मॉर्निंग' सुचवेन, मग 'लेट स्प्रिंग', मग 'टोकियो स्टोरी', आणि त्यानंतर एखादा मूकपट. थेट 'टोकियो स्टोरी'ला हात घातला तर म्हाताऱ्या आईबापांच्या दुःखाने डोळे इतके भरतात की चौकट दिसायची राहून जाते.

मोबाइलवर चालेल, पण चित्र चौकोनी असतं तसंच ठेवा. पडदा भरावा म्हणून झूम केलंत तर वरखाली कापलं जातं, आणि ओझूच्या चौकटीत टेबलावरचे पेले आणि दाराच्या वरच्या पट्ट्या नेमक्या तिथेच असतात. रंगीत चित्रपट पुनर्संस्कारित प्रतीतच बघा. जुन्या फिकट प्रतींत ती किटली विटकरी दिसते आणि सगळी मजा जाते.

आम्ही शॉर्ट फिल्म करतोय. ओझूसारखा शॉट लावायचा तर?

त्याची ५० मिमी ३५ मिमीच्या फिल्मवरची होती. एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी लावली की जवळपास तसंच दिसतं; फुल फ्रेमवर ७५ ते ८० मिमीच्या आसपास जा. मोबाइलचा मुख्य कॅमेरा फार वाइड असतो, त्यावर तीनपट टेली असेल तर ती वापरा. एवढ्या लांब लेन्सला मागे सरकायला जागा लागते, त्यामुळे शक्य असेल तर शेजारच्या खोलीतून, दारातून शूट करा. मागेपुढे चौकटीही आपोआप मिळतील.

कॅमेरा गुडघ्याच्या खाली आणि सपाट. वर वाकवू नका, नाहीतर दारं आत कलतात. नटांना लेन्सच्या कडेला लावलेल्या चिकटपट्टीच्या तुकड्याकडे बघायला सांगा, दोघांनाही त्याच बाजूच्या. आणि उलट बाजूचा शॉट लावताना टेबलावरच्या वस्तू तशाच सोडून देऊ नका, मॉनिटरवर बघत पुन्हा मांडा. याला अर्धा तास लागतो आणि बाकीचं युनिट वैतागतं, तेव्हा वेळापत्रकात तो अर्धा तास आधीच धरून ठेवा.